अकरा दहाचा कोंडाजी

कमळाकर उबाळे यांनी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या जाळीमागे, एकतीस वर्षं काढली होती, आणि तेवढ्या काळात माणसांकडे पाहण्याची त्यांची एक रीत पक्की होऊन गेली होती. माणूस चांगला की वाईट, हुशार की मंद, या भानगडीत ते पडत नसत. तो आला किती वाजता आणि गेला किती वाजता एवढं कळलं की त्यांना तो समजल्यासारखा वाटे. २००८च्या मार्चमध्ये ते निवृत्त होऊन बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या मैत्री सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी बसले, तेव्हा हजेरी घ्यायला त्यांच्या हाताशी एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची बायको. मालिनीबाई शाळेत शिक्षिका होत्या, दुपारच्या सत्राला. साडेअकराला त्या घरून निघत आणि पावणेसहाला परत येत, आणि यात इतका नेम होता की त्याची नोंद ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता.

दोघांचं एकमेकांशी भांडण असं कधी नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं. निवृत्तीनंतर मात्र घरात काहीतरी मऊ झालं होतं. मालिनीबाई पोळ्या लाटताना गुणगुणू लागल्या होत्या. कमळाकरांच्या चहात न मागता आलं पडू लागलं होतं. हे का, असं त्यांनी विचारलं नाही. कारण विचारलं तर आलं बंद होईल, अशी त्यांना भीती होती.

पुढच्या जानेवारीत त्यांची मुलगी भावना, जी पुण्याला नोकरीला होती, तिने घरी इंटरनेट घेऊन दिलं आणि बिनतारी चालणारा तो दोन शिंगांचा डबाही बसवून दिला. बसवायला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून हरेश तलरेजा नावाचे कॉम्प्युटरवाले गृहस्थ आले होते. चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, कपाळावर चष्मा चढवून तोच शोधणारे. जाण्यापूर्वी त्यांनी कमळाकरांना एक गोष्ट दाखवली, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

“काका, हा नंबर टाका. आता एंटर मारा. ये देखो, आपल्या घरच्या नेटला कोण कोण जोडलाय ते सगळं इथे दिसतं. नाव, किती वाजता आला, कधी गेला, सब.”

कमळाकर खुर्चीत सरळ बसले. पडद्यावर एक तक्ता होता, त्यात रकाने होते, आणि पहिल्या रकान्यात त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं नाव होतं, KAMLAKAR, हजर, दहा बावीस.

त्या दिवसापासून ते पान दिवसातून सहा वेळा उघडलं जाऊ लागलं. रविवारी भावना आली की तिचा लॅपटॉप यादीत येई, आणि ती समोर पोहे खात बसलेली असतानाही कमळाकर पडद्याकडे पाहून समाधानाने म्हणत, “भावना नऊ चाळीसला आली.” मालिनीबाई म्हणत, “ती आठलाच आलीय. दार मी उघडलं.” दाराच्या वेळेपेक्षा यादीतली वेळ खरी, हे कमळाकरांच्या चेहऱ्यावर दिसे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, यादीत एक नवंच नाव दिसलं. KONDAJI. हजर, अकरा दहा.

कमळाकरांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. नाव तिथेच होतं. मालिनीबाई आत डबा भरत होत्या. त्यांनी विचारलं, “आपल्यात कोंडाजी कोण?”

“कुणी नाही,” मालिनीबाई म्हणाल्या. “का?”

“आलाय.”

मालिनीबाईंनी दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण लावून त्या शाळेत निघून गेल्या.

कोंडाजी पाच चाळीसला गेला. बुधवारी तो पुन्हा अकरा दहाला आला आणि पाच चाळीसला गेला. गुरुवारीही तसंच. कमळाकरांना राग यायला हवा होता, कारण कुणीतरी त्यांचं नेट चोरून वापरत होतं, पण शुक्रवारपर्यंत त्यांच्या मनात त्या चोराबद्दल एक नाइलाजाचा आदर तयार झाला होता. एकतीस वर्षांत इतका वक्तशीर माणूस त्यांनी दोनदाच पाहिला होता, आणि त्यातला एक घड्याळ दुरुस्त करायला येणारा होता.

तरीही शोध घेणं भाग होतं. सोसायटीत बारा फ्लॅट होते. पाण्याच्या वेळेबद्दल विचारण्याच्या निमित्ताने ते अकरा दारांवर जाऊन आले आणि बोलता बोलता प्रत्येकाला विचारत गेले की तुमच्याकडे कोंडाजी नावाचं कुणी पाहुणे आलेत का. तिसऱ्या मजल्यावरच्या अंजनीबाईंना वाटलं, भावनासाठी स्थळ बघतायत, आणि त्यांनी आपल्या भाच्याचं नाव सुचवलं. शेवटी ते तळमजल्यावर जनूभाऊ म्हात्रे यांच्याकडे गेले. त्यांच्या शेतावर ही इमारत उभी होती, आणि इथल्या जमिनीवर चार पिढ्यांत कोण राहिलं आणि कोण गेलं हे जनूभाऊंना तोंडपाठ होतं.

जनूभाऊंनी बराच विचार केला. “नाय बा. माझा बापूस सोमा, त्याचा बापूस जानू, त्याचा हासू. आमचेत कोंडाजी कोन झालाच नाय. आनी झाला असता तरी त्याला कंपुटर कुठशी येनार?”

कमळाकरांनी हरेशभाईंना फोन लावला. हरेशभाईंनी पासवर्ड बदलायला सांगितलं. नवा पासवर्ड मालिनीबाईंनी ठरवला, कमळाकरांनी तो टाकला, ज्या चिठोऱ्यावर लिहिला होता ते मालिनीबाईंनी तांदळाच्या डब्यात तळाशी घातलं, आणि डब्याचं झाकण लावून त्या वळल्या तेव्हा अकरा दहा झाले होते आणि कोंडाजी आत होता.

“तू कुणाला सांगितलास?” कमळाकरांनी विचारलं.

“तांदळाला,” मालिनीबाई म्हणाल्या.

शनिवारी हरेशभाई स्वतः स्कूटरवरून आले. मालिनीबाईंची शाळा त्या दिवशी सकाळची होती, त्यामुळे घरात हे दोघंच होते. हरेशभाईंनी यादी पाहिली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि समजावून सांगितलं की प्रत्येक यंत्राला गाडीच्या नंबरासारखा एक नंबर असतो आणि त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून ते कुठल्या कंपनीचं ते कळतं. कोंडाजीचा नंबर त्यांनी शोधला. कुठलीच कंपनी निघाली नाही.

“लोकल माल असेल,” ते म्हणाले. “आमच्या कॅम्पात बनवलेला असेल, तर कंपनीचं नाव कुठून येणार काका? टेन्शन नको. सिग्नल बघतो, म्हणजे कुठल्या बाजूच्या फ्लॅटमध्ये आहे ते कळेल. लांब असेल तर कमी दिसतो.”

त्यांनी सिग्नल पाहिला. मग त्यांनी कमळाकरांचा कॉम्प्युटर यादीतून काढला, स्वतःचा फोन बंद केला आणि सोबत आणलेल्या छोट्या लॅपटॉपवर पान उघडून तो हातावर धरून घरभर फिरले. स्वयंपाकघरात गेले, बाल्कनीत गेले, जिन्यात जाऊन परत आले. यादीत आता दोन नावं होती, एक त्यांच्या हातातल्या लॅपटॉपचं आणि एक कोंडाजीचं.

“काका,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे बाजूच्या फ्लॅटमधलं नाही. हे घरातलंच आहे. माझ्या लॅपटॉपपेक्षा पण जवळ आहे.”

“कशाच्या जवळ?”

“डब्याच्या.”

डबा टीव्हीच्या कपाटावर होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या एका बाजूला भावनाचा दहावीचा फोटो होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. मग त्यांनी कपाटं उघडली, पलंगाखाली पाहिलं, आणि हरेशभाई पोटमाळ्यावर चढले. तिथून एक जुना प्रेशर कुकर, भावनाची तीनचाकी सायकल आणि १९९४ पासून हरवलेला एक सूटकेसचा पट्टा एवढं सापडलं. विजेवर चालेल असं काही नव्हतं. हरेशभाई खाली उतरले, हात धुतले आणि चहा न घेता म्हणाले की आपण त्याचा नंबरच बंद करून टाकू. पासवर्ड माहीत असला तरी डबा त्याला आत घेणार नाही.

“म्हणजे गेटवर नाव देऊन ठेवायचं,” कमळाकर म्हणाले.

“बरोबर. एकदम तसंच.”

त्यांनी चार बटणं दाबली आणि कोंडाजी यादीतून गेला. दुपारचे एक वाजून पाच मिनिटं झाली होती. कामाच्या मधेच कुणाला गेटबाहेर काढलं की कमळाकरांना कारखान्यात जसं वाटे, तसं थोडंसं वाटलं. पण कोंडाजी खरोखरच कुणी नव्हता, तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मालिनीबाई शाळेतून आल्या, हातपाय धुवायला मोरीत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “आज पाणी भरायला विसरलात का?”

कमळाकर बाहेरून म्हणाले, “नळ तू सोडून जातेस ना?”

“मी कशी सोडणार? पाणी पावणेबाराला येतं. मी साडेअकराला जाते.”

“उघडा ठेवून जात असशील, असं मला वाटलं. पिंप भरलं की बॉलने बंद होतो.”

मालिनीबाई टॉवेल घेऊन दारात आल्या. “कुठला बॉल?”

पिंपाला बॉल नव्हता. कमळाकरांनी जाऊन पाहिलं. ते रिकामं होतं, आणि त्याच्या कडेवर नळाची पितळी तोटी, चांगली घट्ट पिळून बंद केलेली, कोरडी पडली होती. ते तिच्याकडे बघत उभे असताना आतल्या खोलीतून मालिनीबाईंचा आवाज आला, “आणि कपडे बाहेरच आहेत.”

बाल्कनीतल्या दोरीवर कपडे दिवसभराच्या उन्हाने कडक होऊन लटकत होते. कमळाकर म्हणाले की कपडे तर रोज तीच काढते, शाळेतून आल्यावर, कारण सहा वाजता ते आत जातात तेव्हा घड्या झालेल्या असतात. मालिनीबाई पलंगावर बसल्या. त्या म्हणाल्या की त्या येतात तेव्हा घड्या तयार असतात.

“तुम्ही करता,” त्या म्हणाल्या. “रिटायर झाल्यापासून. साडीची घडी कशी उभी घालायची तेसुद्धा शिकलात.”

कमळाकरांना साडीची घडी उभी असते की आडवी, हे माहीत नव्हतं. त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. दुपारी झोपताना ते चष्मा कुठेही टाकत आणि उठल्यावर तो उशीच्या डाव्या बाजूला त्याच्या डबीत घालून ठेवलेला सापडे. वयाप्रमाणे आपण व्यवस्थित होत चाललोय, असं ते समजत होते. आज उठल्यावर चष्मा त्यांच्याच पाठीखाली निघाला होता, एक काडी वाकलेला.

“वर्षभर,” मालिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कमळाकरांना जड गेलं. “मला वाटायचं, बोलत नाहीत, पण करतात. कुणाला सांगितलंसुद्धा नाही मी. नजर लागेल म्हणून.”

“मला वाटायचं तू करतेस.”

“ते तर तुम्हाला तीस वर्षं वाटतंय,” मालिनीबाई म्हणाल्या. “मी ज्याच्यावर वर्षभर खूश होते, तो तुम्ही नव्हतात एवढंच.”

दुसऱ्या दिवशीपासून चहात आलं नव्हतं.

कमळाकरांनी मनापासून प्रयत्न केला, हे सांगायला हवं. पावणेबाराला ते पिंपाशी स्टूल टाकून बसत. पहिल्या दिवशी त्यांनी नळ सोडला, पेपर उघडला, आणि पाणी मोरीतून स्वयंपाकघरात येऊन त्यांच्या चपला घेऊन गेलं तेव्हा त्यांना कळलं. साड्यांच्या घड्या त्यांनी कारखान्यातल्या ताडपत्रीसारख्या घातल्या. मालिनीबाई त्या उलगडत आणि पुन्हा घालत. गुणगुणणं थांबलं होतं. नवव्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, “ती बंदी काढा.”

“अगं, कोण आहे ते माहीत नाही.”

“काम माहीत आहे.”

“माणूस माहीत नको?”

मालिनीबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. “किती माणसं माहीत असतात?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाकरांनी हरेशभाईंना फोन करून चार बटणं उलटी कशी दाबायची ते विचारलं. हरेशभाईंनी कारण विचारलं नाही. सांगितलं आणि लगेच फोन ठेवला. अकरा वाजले, अकरा पाच झाले. मालिनीबाई डबा भरून झाला तरी निघाल्या नाहीत, खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. अकरा दहाला यादीत नाव उमटलं, आणि त्यांनी सोडलेला श्वास कमळाकरांच्या मानेवर आला.

संध्याकाळी पिंप काठोकाठ भरलेलं होतं. साड्यांच्या घड्या उभ्या होत्या. चष्म्याची वाकलेली काडीसुद्धा कुणीतरी सरळ केली होती.

यानंतरचे पंधरा दिवस घर सुरळीत चाललं, फक्त मालिनीबाई कोंडाजीचा उल्लेख ‘ते’ असा करू लागल्या. “त्यांना ऊन लागत असेल, बाल्कनीत पडदा लावा,” असं त्या म्हणाल्या आणि कमळाकरांनी पडदा लावला. जाताना त्या ओट्यावर फडक्याखाली दोन भाकऱ्या आणि भाजी ठेवत. संध्याकाळी ताटली घासून पालथी घातलेली असे. गुणगुणणं परत आलं होतं, आलंही आलं होतं, पण चहा कपात ओतताना मालिनीबाईंची नजर कमळाकरांवर नसे, टीव्हीच्या कपाटावर असे.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी आपल्याला मत्सर वाटतोय हे कमळाकरांना कळलं तेव्हा त्यांना फार लाज वाटली, आणि मग त्यांनी ठरवलं की निदान कपडे तरी आपण काढायचे. एका बुधवारी दुपारची झोप रद्द करून ते दोन वाजल्यापासून बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. कपडे समोर होते, चिमटे मोजलेले होते. चार वाजेपर्यंत त्यांनी डोळा लवू दिला नाही. चारला खालून जनूभाऊंनी हाक मारली, “उबाले, आज झोपला नाय काय?” कमळाकरांनी कठड्यावरून वाकून सांगितलं, “नाही,” आणि मागे वळले. दोरी रिकामी होती. चिमटे एका ओळीत दोरीवरच होते. पलंगावर घड्या होत्या, आणि अंगाला लागताच कळावं इतपत उन्हाने अजून गरम होत्या.

त्या संध्याकाळी मालिनीबाई आल्या त्या चेहरा वेगळाच घेऊन. चहा दोन कप केला. एक कमळाकरांसमोर ठेवला, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

“आज मधल्या सुट्टीत शाळेत फोन केलात,” त्या म्हणाल्या. “शिपाई बोलवायला आला तेव्हा मी घाबरलेच. पण बरं केलंत. लग्नानंतर असं कधी बोलला नव्हतात.”

मधली सुट्टी तीनला असते. तीनला कमळाकर बाल्कनीत चिमट्यांकडे बघत बसले होते. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, सरळ त्यांच्याकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी असं होतं की ज्याची हजेरी कमळाकरांनी कुठल्याच रजिस्टरात कधी घेतली नव्हती.

“हं,” कमळाकर म्हणाले. “वाटलं, करावा.”

काय बोललो, हे त्यांना विचारता येईना. रात्रीच्या भाजीत त्यांच्या आवडीचं सुकं खोबरं होतं, आणि ते त्यांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अकरा दहाला ते पडद्यासमोर बसले होते. कोंडाजी आला नाही. अकरा अकराला पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान पिवळा चौकोन आला आणि त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की या नावाचं एक यंत्र नेटवर्कवर आधीपासून आहे. कमळाकरांनी यादी उघडली. यादीत दोनच नावं होती. KAMLAKAR, आणि त्याच्या खाली KAMLAKAR. वरच्याची वेळ अकरा दहाची होती. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर, जो सकाळी साडेआठपासून चालू होता, तो खालचा होता.

हरेशभाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मागे स्कूटरचे आणि बाजाराचे आवाज येत होते.

“सिंपल आहे काका,” ते शेवटी म्हणाले. “दोन यंत्रांना एक नाव चालत नाही. एकाचं बदलायचं.”

“कुणाचं?”

“आपलंच बदलू शकतो ना. दुसऱ्याचं कसं बदलणार?”

ते कसं करायचं हेही त्यांनी सांगितलं. नावाच्या चौकटीत काय लिहावं याचा कमळाकरांनी बराच वेळ विचार केला, आणि दुसरं काही सुचेना, म्हणून मूळ नावापुढे दोनचा आकडा घातला. पिवळा चौकोन गेला. कॉम्प्युटर नीट चालू लागला. पेपरातलं शब्दकोडं घ्यायला ते वळले तर ते सोडवून झालेलं होतं. अक्षर त्यांचं होतं, फक्त उभा चौदा, जो त्यांना कधीच आला नसता, तोही बरोबर होता.

मालिनीबाईंना यातलं काही सांगायचं त्यांनी ठरवलं नाही, आणि टाळायचंही ठरवलं नाही, आणि तेवढ्यात पुढचा गुरुवार आला. त्या दिवशी कमळाकरांच्या बहिणीच्या मुलाचं, महेंद्रचं लग्न होतं, उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका हॉलमध्ये. मालिनीबाईंनी रजा टाकली होती. निघताना कमळाकरांनी दार ओढून घेतलं, लॅच लागल्याचा आवाज ऐकला, वर कुलूप न लावता किल्ली खिशात टाकली आणि दोघं गेले. लग्न छान झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, कमळाकरांनी किती वाजता कोण आलं याकडे अजिबात लक्ष दिलं नाही, आणि परतताना रिक्षात मालिनीबाई त्यांच्या खांद्याला टेकून बसल्या. हे त्या कुणाच्या खांद्याला टेकल्या आहेत, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो रस्त्याच्या खड्ड्यांवर ढकलला.

साडेचारला ते जिना चढून वर आले. कमळाकरांनी किल्ली लावली, फिरवली, लॅच उघडल्याचा आवाज झाला आणि दार ढकललं. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. वरच्या बाजूला ते जरा आत गेलं आणि लोखंडाला लोखंड लागून थांबलं.

“आतून कडी आहे,” ते म्हणाले.

मालिनीबाईंनी हातातली आहेराची पिशवी खाली ठेवली. दारावरची पाटी स्वच्छ पुसलेली होती. आतून ताज्या चहाचा वास येत होता, त्यात आलं होतं. कमळाकरांनी हात वर केला आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली, जी त्यांनी आजवर कधी वाजवली नव्हती, आणि तिचा आवाज बाहेरून किती लांबचा येतो याचं त्यांना नवल वाटलं.

आत खुर्ची सरकली. चपला ओढत कुणीतरी दारापर्यंत आलं आणि थांबलं. कडीला हात लागला, पण कडी निघाली नाही.

“कोण पाहिजे?” आतून विचारलं. आवाज वयस्कर होता, सभ्य होता, आणि दुपारच्या झोपेतून नुकता उठलेला होता.

कमळाकरांनी लॅचमधली किल्ली काढून घेतली. मालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि परक्या माणसाच्या दारात बोलावं तसं, हलक्या आवाजात विचारलं, “कमळाकर उबाळे इथेच राहतात ना?”

“मीच,” आतून उत्तर आलं. “बोला.”